साताऱ्यात मातीतली बाईक: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

आधी थोडं. आम्ही सात-आठ जण आहोत, बहुतेक साताऱ्यातले, दोघं कोरेगावकडचे, आणि रविवारी पहाटे मातीच्या रस्त्यांवर बाईक घेऊन जातो एवढंच. क्लब नाही, टी-शर्ट नाही, फी नाही. एक रिटायर्ड फौजी आहेत, एक हायस्कूलचे सर, एक डेअरीवाला, दोन आयटीवाली पोरं जी शुक्रवारी रात्री पुण्यावरनं येतात आणि रविवारी चिखल घेऊन परत जातात. कुणी स्टेटसला फोटो टाकला की दहा जण तेच दहा प्रश्न विचारतात आणि प्रत्येकाला टाईप करून बोटं दुखायला लागली, म्हणून एकदाचं सगळं इथं लिहून ठेवतोय.

म्हणजे तुम्ही जंगलात गाड्या घालता का?

नाही. हा पहिला प्रश्न मुद्दाम वर घेतला कारण फोटोत झाडी दिसली की लोकांना वाटतं की वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला जाऊन आलो. असं काही नाही आणि तुम्हीही करू नका. साताऱ्याच्या पश्चिमेला कोयना अभयारण्य आहे, ते आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेला. तिथं वन्यजीव कायदा १९७२ चा लागतो, परवानगीशिवाय आत पाय टाकायलाच बंदी, मग बाईकचं काय घेऊन बसलात. वासोट्यालासुद्धा बामणोलीत फॉरेस्टची परवानगी काढून लाँचनं जावं लागतं ते त्यामुळंच. अभयारण्याच्या बाहेर जे राखीव जंगल आहे त्याला १९२७ चा वन कायदा, तिथंही घुसखोरी हा गुन्हाच आहे. "पाटी नव्हती" हे कारण फॉरेस्टवाले ऐकून घेत नाहीत, आणि का घ्यावं.

आम्ही ज्याला ट्रेल म्हणतो ती खरं तर कुणाची तरी रोजची वाट असते. पाणंद, कालव्याच्या कडेचा रस्ता, वाडीवरनं वाडीवर जाणारी जुनी गाडीवाट, माळावरचा मुरमाचा रस्ता. झाडी लागते, ओढे लागतात, दगड लागतात, मजा पूर्ण येते. फक्त ते जंगल नाही, शिवार आहे.

मग नक्की कुठं? लोकेशन पाठवा ना.

लोकेशन पाठवत नाही, राग मानू नका. एकदा पाठवलं होतं. पुढच्या रविवारी त्या पाणंदीत अठरा गाड्या गेल्या, कुणीतरी हरभऱ्यातनं शॉर्टकट मारला, आणि त्यानंतरच्या रविवारी आम्ही गेलो तर वाटेत आडवी बाभळ टाकलेली. ती बाभळ टाकणारा माणूस बरोबर होता. ती वाट आम्हाला परत मिळायला दीड वर्ष लागलं, तेही डेअरीवाल्याची त्या गावात दुधाची ओळख होती म्हणून.

पण दिशा सांगतो. सातारा ही या खेळासाठी खरंच भारी जागा आहे कारण एकाच जिल्ह्यात दोन वेगवेगळ्या दुनिया आहेत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, मधलं अंतर तुम्हीच नकाशावर बघा. त्यामुळं पश्चिमेला परळी, मेढा, ठोसेघरच्या बाजूला जांभा दगड, लाल माती, शेवाळ आणि धुकं. पूर्वेला कोरेगाव, खटाव, माणकडं मुरूम, घसारा, उघडे माळ, आणि मध्ये मध्ये काळी माती. नवीन माणसानं पूर्वेला सुरुवात करावी. वर्धनगडाच्या, महिमानगडाच्या आसपासचे माळ बघा, गावात विचारा, लोक सांगतात. गडावर मात्र गाडी चढवायची नाही, गड चालत बघायचा.

चाळकेवाडीच्या सड्यावर (सडा म्हणजे डोंगरावरचं सपाट कातळाचं पठार) पवनचक्क्यांसाठी केलेले रस्ते आहेत, तिथं लोक जातात. फाटक दिसलं की मागं फिरायचं, आणि रस्ता सोडून सड्यावर उतरायचं नाही. का ते खालच्या प्रश्नात.

कासच्या पठारावर बाईक चालवायला काय हरकत आहे, तिथं तर नुसता कातळ आहे?

हाच तो घोळ. कातळ दिसतो म्हणून लोकांना वाटतं तिथं काय बिघडणार. अरे त्या जांभ्याच्या कातळावर मातीचा थर कुठं बोटभर तर कुठं त्याहून कमी, आणि सगळी फुलं त्या तेवढ्यात उगवतात. पश्चिम घाटाच्या ज्या ३९ जागा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या त्यात कास पण आहे. उन्हाळ्यात तिथं काही दिसत नाही, पण कंद आणि बी त्या थरातच झोपलेलं असतं. एक नॉबी (मोठ्या गुट्ट्यांचा, मातीतला) टायर एकदा घसरला की तो थर खरवडून जातो, पुढच्या पावसात उरलेलं वाहून जातं, मग तिथं खरंच नुसता कातळ राहतो. यवतेश्वरचा घाट चढून कासला जरूर जा, डांबरी रस्त्यावरनं. बाकी कुठल्याही सड्याला हाच नियम, त्याला कुंपण असो नसो.

माझ्याकडं स्प्लेंडर आहे. चालेल का?

चालेल. पळेल. हे सिरियसली सांगतोय. आमच्यातला डेअरीवाला तीन वर्ष स्प्लेंडरवर आला आणि अजूनही ओढ्यात आमच्या आधी पलीकडं असतो, कारण ती गाडी ११२ किलोची आहे आणि अडकली तर एकटा माणूस मागनं धरून उचलून बाजूला ठेवतो. पाणंदीवरचा खरा ऑफरोडर कोण तर रोज दोन कॅन दूध बांधून चिखलातनं डेअरीला जाणारा माणूस, त्याला आपण काय शिकवणार.

अडचणी दोन. खाली जागा कमी, १६५ मिलिमीटर, त्यामुळं मोठ्या दगडावर सायलेन्सर आणि इंजिनचं बूड आपटतं. आणि पुढचा मडगार्ड चाकाला चिकटून असतो. काळ्या मातीत ओल असेल तर ती माती चाकाला धरते, मडगार्डच्या आत ठासते आणि दोनशे मीटरवर पुढचं चाक चक्क जाम. मग काठीनं उकरत बसा. काळ्या रानात पाऊस झाल्यावर कुठलीच गाडी नेऊ नका खरं तर, पण स्प्लेंडर तर नकोच.

नवीन घ्यायची असेल तर रॉयल एनफिल्डची हिमालयन का हिरोची एक्सपल्स?

ह्या प्रश्नावर आमच्यात दोन गट आहेत आणि चहावर भांडणं झालीत. माझं मत सांगतो. मातीच शिकायची असेल तर एक्सपल्स २००. पुढं २१ इंच, मागं १८ इंच, तारांची चाकं, खाली २२० मिलिमीटर जागा, वजन दीडशेच्या थोडं वर. हिमालयन जुनी ४११ असो की नवी ४५०, दोन्ही दोनशे किलोच्या जवळ. रस्त्यावर, लांबच्या प्रवासाला, सामान लावून लेह-लडाखला हिमालयन एक नंबर, त्यात वाद नाही. पण पाणंदीत ती आडवी झाली की दोन माणसं लागतात, आणि नवीन माणसाची गाडी तासाला तीनदा आडवी होते. गणित तुम्हीच करा.

उंची ५ फूट ४ च्या आत असेल तर एक्सपल्सची सीट ८२५ मिलिमीटर उंच वाटेल, हिमालयन ४११ ची ८०० आहे. बसून बघितल्याशिवाय घेऊ नका. आणि यूट्यूबवर गाडी उडवणारा माणूस बघून तर अजिबात घेऊ नका.

जुनी हिरो इम्पल्स कुणी विकत असेल तर मला सांगा.

टायरमधली हवा का कमी करता? सगळे सांगतात पण कारण कुणी सांगत नाही.

हवा कमी केली की टायर थोडा चपटा होतो, जमिनीला जास्त टेकतो, आणि दगडावरनं उडण्याऐवजी दगडाला धरून जातो. आम्ही मुरमावर २० ते २२ पीएसआयच्या आसपास ठेवतो. फरक पहिल्या दहा मिनिटांत कळतो, हँडल हातात थरथरत नाही.

पण खूप कमी केली आणि वेगात दगडाला बसलात तर टायर रिमपर्यंत दबतो आणि मधली ट्यूब चिमटते. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. बाहेरनं टायरला खिळा नाही काटा नाही, आणि हवा गेलेली. मला हे समजायला दोन पंक्चर लागली, दोन्ही एकाच दिवशी. १८ च्या खाली ट्यूबवाला टायर नेऊ नका, आणि परत डांबरावर येण्याआधी हवा भरा, कमी हवेत हायवेला ८० नं गेलात तर टायर तापतो आणि गाडी डुलते. म्हणून पायपंप ग्रुपमध्ये एक तरी पाहिजेच.

उभं राहून का चालवता? स्टाईल आहे का?

स्टाईल नाही, कंबर वाचवायला. बसलात की तुमचं सगळं वजन सीटवर, गाडी उडाली की तुम्ही उडता. उभे राहिलात की वजन फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) जातं, गुडघे स्प्रिंगसारखे काम करतात, खाली गाडी पाहिजे तेवढी नाचू दे. आणि लांबचं दिसतं. नजर हा अर्धा खेळ आहे, समोरच्या दगडाकडं बघितलं की गाडी त्याच दगडावर जाते, हे कसं होतं देव जाणे पण होतं.

चाकोरीत तर हे फारच लागू. ऊसतोडीच्या दिवसात बैलगाड्या आणि ट्रॅक्टरनी पाणंदीत खोल चाकोऱ्या पडतात. त्यात चाक गेलं की नवीन माणूस घाबरून खाली चाकाकडं बघतो आणि हँडल वळवतो, चाक चाकोरीच्या कडेला घासतं आणि धाडकन आडवा. चाकोरीत गेलात तर चाकोरीतच राहा, हँडल सैल, नजर लांब, गॅस एकसारखा, ती तुम्हाला बरोबर पुढं नेऊन सोडते.

चढावर गाडी बंद पडली की काय करायचं? मी मागं घसरतो.

क्लच दाबू नका. बंद पडलेली गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच ब्रेकचं काम करतं. लोक बंद पडल्या पडल्या सवयीनं क्लच दाबतात आणि तिथंच घसरायला सुरुवात होते. पुढचा ब्रेक धरा, क्लच सोडलेला ठेवा, श्वास घ्या. मग क्लच हळूहळू दाबत, सोडत, गाडी मागं मागं घेत आडवी करायची, तोंड उताराकडं आलं की खाली उतरा आणि परत प्रयत्न करा. चढाच्या मध्यातनं परत सुरुवात करायच्या नादात क्लच प्लेटचा वास सुटतो, तो वास एकदा घेतला की विसरत नाही.

उतारावर पहिला गिअर, क्लच अजिबात नाही, मागचा ब्रेक हलका, पुढचा एका बोटानं. पुढचा ब्रेक वाईट असतो असं गावाकडं सगळे सांगतात, ते अर्धं खरं आहे. झटक्यात दाबला तर वाईट. एक्सपल्स २०० ला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम) फक्त पुढच्या चाकाला आहे, त्यामुळं मागचं लॉक होऊ शकतं, ते मातीत उलट बरंच आहे. हिमालयनच्या बीएस-६ मॉडेलला मागचा एबीएस बटणानं बंद करता येतो, मोठ्या उतारावर करा, डांबरावर आल्यावर आठवणीनं चालू करा.

ओढा ओलांडताना काय काळजी घ्यायची?

आधी गाडी लावा, बूट घालून पाण्यात उतरा, चालत पलीकडं जा. चालताना तुम्हाला पाणी ओढत असेल तर गाडी घालायची नाही, विषय संपला. गुडघ्याच्या वर पाणी असेल तरी नाही. गढूळ पाणी असेल तर काठी घेऊन तळ बघा, खाली गोटे आहेत का वाळू का खड्डा. मग पहिल्या गिअरमध्ये, एकसारख्या गॅसवर, न थांबता. पाण्याकडं बघायचं नाही, पलीकडच्या काठाकडं बघायचं, वाहत्या पाण्याकडं बघितलं की आपणच सरकतोय असं वाटतं.

आता माझी गोष्ट. चार वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी हे सगळं माहीत असून चालत न जाता गाडी घातली, कारण पुढचा माणूस निघून गेला होता आणि मला मागं राहायची लाज वाटली. मध्ये खड्डा होता. गाडी आडवी, एअर फिल्टरमधनं पाणी आत. आणि त्याच्यावर कडी म्हणजे बाहेर काढल्या काढल्या मी सेल्फ मारला. एकदा, दोनदा. फौजी लांबनं ओरडत होते "हात लावू नको, हात लावू नको" पण तोपर्यंत टक्क असा आवाज आला होता. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी गेलं की ते हवेसारखं दबत नाही, पिस्टन वर येतो, पाण्याला धडकतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. माझा वाकला. टेम्पोतनं गाडी साताऱ्यात, तीन आठवडे मेकॅनिककडं, आणि बिल किती झालं ते घरी अजून खरं सांगितलेलं नाही.

बरोबर पद्धत अशी. गाडी बुडली की सेल्फ नाही, किक नाही. आधी स्पार्क प्लग काढा, मगच सेल्फनं इंजिन फिरवा, प्लगच्या भोकातनं पाणी पिचकारीसारखं उडतं, उडू दे, तोंड लांब ठेवा. एअर फिल्टर काढून पिळा आणि वाळवा. ऑईलच्या काचेत बघा, ऑईल चहासारखं दुधाळ दिसलं तर गाडी चालू करू नका, ढकलत न्या नाहीतर टेम्पो बोलवा.

इन्शुरन्समधनं मिळतं का?

मला मिळालं नाही. साध्या पॉलिसीत पाणी जाऊन इंजिन गेलं तर बहुतेक वेळा हात वर करतात, त्याला इंजिनचं वेगळं कव्हर लागतं. पॉलिसीचे कागद वाचा.

अंगावर काय घालायचं? सगळं महाग आहे हो.

हेल्मेट आयएसआयचं, पूर्ण तोंड झाकणारं. मग बूट. मग गुडघे. ह्या क्रमानं पैसे घाला, जॅकेट सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात, भारीतलं जॅकेट आणि पायात स्पोर्ट्स शूज. मातीत वेग कमी असतो, छातीला क्वचित लागतं, पण गाडी पायावर पडते दर रविवारी. घोट्याच्या वर येणारे जाड चामड्याचे बूट पाहिजेतच, साताऱ्यात मिलिटरीचे बूट सहज मिळतात, घरोघरी कुणी ना कुणी फौजेत आहे, सुरुवातीला ते चालतात. गमबूट नको, पाय आत फिरतो. गुडघ्याला कडक वाटीचे गार्ड, क्रिकेटचे नाही.

धूळ असते म्हणून गॉगल आणि नाकाला रुमाल. दोन लिटर पाणी प्रत्येकानं स्वतःचं, आणि ओआरएसची पुडी.

पडलेली गाडी एकट्यानं कशी उचलायची?

आधी इंजिन बंद, कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी असेल तर पेट्रोल कॉक बंद. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साईड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, नाहीतर उचलून पलीकडं पाडाल (आमच्या सरांनी पाडली आहे, दोनदा). गिअरमध्ये ठेवा म्हणजे घरंगळणार नाही. हँडल पूर्ण एका बाजूला वळवा, पाठ सीटला लावून खाली बसा, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मागची पकड, आणि पायांनी मागं रेटत उठा. पोतं उचलताना कमरेतनं वाकत नाही, तसंच.

मी स्लो आहे, ग्रुप मला सोडून जाईल का?

नाही, कारण आमच्याकडं पद्धत आहे. पुढं एक माणूस ज्याला वाट माहितीये, मागं एक ज्याला आम्ही शेपूट म्हणतो, तो सगळ्यात अनुभवी असतो आणि त्याच्यामागं कुणी राहत नाही. प्रत्येक फाट्यावर पुढचा माणूस त्याच्या मागच्याला थांबवतो, "इकडं" म्हणून, आणि तो तिथंच उभा राहतो जोपर्यंत शेपूट येत नाही. मग तो शेपटीच्या पुढं लागतो. असं केलं की सगळे आळीपाळीनं थांबतात आणि कुणीच चुकत नाही, मोबाईलला रेंज नसली तरी. बामणोली-तापोळ्याच्या बाजूला रेंजचा भरवसा नाहीच, म्हणून नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा.

अट एकच, थांबायला सांगितलं तिथनं हलायचं नाही. एक आयटीवाला पोरगा एकदा "पाच मिनिटं झाली, कुणी येईना" म्हणून पुढं गेला, शेपूट दुसऱ्या वाटेला लागलं आणि दोन तास सगळे एकमेकांना शोधत होते. मागं एकाचं पंक्चर झालं होतं बास.

सहापेक्षा जास्त गाड्या असल्या तर आम्ही दोन ग्रुप करतो. एकट्यानं कधीच नाही. आणि घरी कुणाला तरी वाट आणि परतायची वेळ खरी सांगून निघायचं, "जरा पोवई नाक्यापर्यंत जाऊन येतो" असं सांगून माणला जायचं नाही.

गावातले लोक काही बोलत नाहीत का?

बोलतात, आणि बरोबर बोलतात. वस्ती आली की दुसरा गिअर आणि हळू, धूळ वाळवणावर बसते. गेट उघडं होतं तर उघडं, लावलेलं होतं तर लावून पुढं. पिकात चाक नाही, बांधावर चाक नाही. मेंढरं आली तर इंजिन बंद करून बाजूला उभं राहायचं, धनगराला विचारल्याशिवाय कळपातनं जायचं नाही, त्याची कुत्री तुमच्या पोटरीची वाट बघत असतात. म्हातारं माणूस दिसलं की काच वर करून रामराम घाला. अर्ध्या वाटा आम्हाला अशा रामरामातनंच कळल्यात, "त्या बाजूनं जावा की, लय भारी वाट हाय, आमी पूर्वी तिकडनंच बाजारला जायचो."

आणि सायलेन्सर. कंपनीचा काढून फटाके फोडणारा बसवला असेल तर आमच्याबरोबर येऊ नका. ते बेकायदेशीर आहे हा एक भाग, पण खरी गोष्ट डेअरीवाल्यानं सांगितली ती अशी की पहाटे धारांची वेळ असते, आणि असल्या आवाजानं म्हैस दचकली की पान्हा चोरते. दोन लिटर दूध कमी निघालं की त्या घरात तुमच्या नावानं काय बोललं जात असेल ते ऐकायला थांबू नका.

साप, बिबट्या, गवा?

गवा पश्चिमेला दिसतो, कधी कधी रस्त्यावर. लांब थांबा, हॉर्न नाही, व्हिडिओसाठी जवळ जाणं नाही, तो जाईपर्यंत वाट बघा. बिबट्या तुम्हाला बघतो, तुम्हाला तो दिसत नाही.

खरी भीती आग्या मोहोळाची. कड्याला, मोठ्या झाडाला लटकलेलं असतं, आवाजानं आणि सेंटच्या वासानं उठतं. मोहोळ दिसलं की आवाज न करता मागं फिरा. उठलंच तर हेल्मेट काढायचं नाही, काच बंद, आणि गाडीवर असाल तर तसंच लांब निघून जायचं, थांबून हात हलवत बसायचं नाही.

साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. माणसाला शांत झोपवा, पाय हलू देऊ नका, आणि लवकरात लवकर सरकारी दवाखाना. ॲम्ब्युलन्स १०८, बाकी सगळ्याला ११२. वणवा दिसला किंवा वनखात्याला काही कळवायचं असेल तर १९२६.

कुणाला जोरात लागलं तर?

मानेला लागल्याची शंका असेल आणि श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. गळ्याजवळचं हासळीचं हाड सगळ्यात जास्त मोडतं, कारण माणूस खांद्यावर नाहीतर पुढं टाकलेल्या हातावर पडतो. टॉवेलची झोळी करून हात छातीशी बांधा आणि मागं बसवून नका नेऊ, जीप-टेम्पो बघा. आमच्यातल्या एकाचं मोडलं तेव्हा उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉली सोडून त्याला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, पैसे घेतले नाहीत.

कुठल्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते जानेवारी. जुलै-ऑगस्टला पश्चिमेला धुक्यात पुढचं चाक दिसत नाही. फेब्रुवारीपासनं गवत वाळतं, तापलेला सायलेन्सर वाळल्या गवतावर टेकला की वणवा लागायला वेळ लागत नाही, म्हणून मार्चनंतर आम्ही गवताच्या बाजूला जातच नाही आणि गाडी नेहमी मातीवर लावतो. सिगरेटवाल्यांनी तर विचारूच नका.

थंडीत एक गोष्ट लक्षात ठेवा, पहाटे अंधारात उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात, मागं लाल कापड नाही, रिफ्लेक्टर नाही. मातीत काही होत नाही, जाताना डांबरावर होतं.

माझा मुलगा १६ वर्षांचा आहे, त्याला आणू का?

सायकलवर आणा. १८ च्या आतल्या मुलानं रस्त्यावर गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्यात पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि पाणंदीपर्यंत तो रस्त्यावरनंच येणार ना. एमटीबी सायकल घेऊन याच वाटा मारू दे, नंतर बाईकवर आमच्या पुढं जाईल.

बायका-मुली येतात का?

दोघी येतात. एक नर्स आहे, त्यामुळं फर्स्टएडची पेटी तिच्याकडं, आणि शेपूट पण बऱ्याचदा तीच असते.

बरोबर सामान काय?

क्लच आणि ब्रेकचा एकेक जास्तीचा लिव्हर (पडल्यावर पहिला तोच मोडतो), पुढची ट्यूब (पुढची मागं वेळ मारून नेते), टायर लिव्हर, पायपंप, प्लग पाना, चेनचं लॉक, तार, टेप, दोरी. तार आणि टेपवर आम्ही एकदा अख्खा मडगार्ड घरापर्यंत आणलाय.

घरी आल्यावर गाडीचं काय करायचं?

चिखल ओला असतानाच धुवा, पण प्रेशरच्या पाण्याचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर आणि हँडलच्या कपावर मारू नका, ग्रीस निघून जातं. चेन पुसा, ऑईल लावा, ढिली झाली असेल तर ताणा, पण फार ताठ नको. नट सगळे एकदा पाना लावून बघा. एअर फिल्टर फोमचा असेल तर रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात धुवून सावलीत वाळवा, मग फिल्टरचं ऑईल लावून बसवा. वेगळी बादली ठेवा त्यासाठी. मी घरातली निळी वापरली होती आणि सोमवारी त्याच बादलीत पोराचा शाळेचा शर्ट भिजत घातला गेला, तो शर्ट आता गाडी पुसायला माझ्याकडंच असतो.